तिच्या वतीने

मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. बहुतेक घरांत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे मात्र ते बँकेच्या काउंटरवर कळतं. लेकीच्या नावावरच्या ठेवीची मुदत संपलेली असते, तिची सही दर वेळी वेगळी येते आणि समोरचा माणूस नम्रपणे म्हणतो, ''ताई, तुम्ही आई आहात हे खरं, पण आता तुमची सही चालायची नाही. पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा.''

ते मिळण्याची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. अर्ज तिथे करायचा. पालकत्व मिळाल्यावर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यायचा. कागदपत्रांचा कंटाळा येतो, म्हणून अनेक आईवडील हे वर्षानुवर्षं लांबवतात. त्यांना मी कळवळून सांगते, हातपाय चालताहेत तोवर हे उरकून घ्या.

मला खरं बोलायचं आहे ते प्रमाणपत्र हातात आल्यानंतरचं. 'तिच्या वतीने' सही करता करता तिच्या वतीने आवडनिवड ठरवणंही अंगवळणी पडतं. विशेष शाळेच्या स्नेहसंमेलनाला कधी गेलात तर पाहा, किती मुलींचे केस बारीक कापलेले असतात. मुलीला वेणी हवी असते, आईला सकाळची बस गाठायची असते. त्या आईला मी दोष देणार नाही, तिच्या मदतीला दुसरे हात नसतात. पण हीच सोय पाहण्याची सवय कुठवर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं की, या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न आजही माझ्या पोटात खड्डा पाडतो.

कारण पाळी शिकवता येते. माझ्या लेकीला तिच्या विशेष शिक्षिकेने ती शिकवली. पॅड उलगडणं, कागद काढणं, चड्डीला चिकटवणं, वापरलेलं गुंडाळून डब्यात टाकणं, हात धुणं. एकेक पायरी पक्की होईपर्यंत पुढची घ्यायची नाही. एका पायरीवर आठवडेच्या आठवडे गेले. कॅलेंडरवर लाल खूण ती स्वतः करते आणि माझी तारीखही मला विचारते. सौम्य आणि मध्यम प्रमाणातलं अपंगत्व असलेल्या पुष्कळ मुली हे शिकतात. ज्यांना जमत नाही त्यांना माणसाची मदत लागते, आणि ती देणं आपलं काम आहे.

कायदाही आता याच बाजूला सरकला आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगढच्या एका तरुणीच्या प्रकरणात सांगितलं की, बौद्धिक अपंगत्व असलं तरी तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्व आणलं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. समितीच्या कचेरीत मात्र याचा उच्चार क्वचित ऐकू येतो. तिथे अजून 'पाल्य' आणि 'पालक' एवढंच.

मतदानाचंही तसंच. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवल्याशिवाय बौद्धिक अपंगत्वाच्या कारणासाठी कुणाचं नाव मतदार यादीतून गाळता येत नाही. तरी ''तिला काय कळतंय'' म्हणून कितीतरी घरांत नाव घातलंच जात नाही. २०२४ च्या विधानसभेला आमची लेक बोटाला शाई लावून आली. त्याआधी वर्तमानपत्रातली चिन्हं कापून जेवणाच्या टेबलावर सराव केला होता. कुठलं बटण दाबायचं हे सांगण्याचा मोह तिच्या बाबांना फार झाला. मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. कुणाला मत दिलं, हे तिने आम्हाला अजून सांगितलेलं नाही.

आता आमच्यानंतरचा प्रश्न. पुढचा पालक म्हणून आम्ही दोघांनी माझ्या भाच्याचं नाव मनाशी धरलं होतं. तो सज्जन आहे, जवळ राहतो. यंदा तिलाच विचारलं. ती ताडकन म्हणाली, ''मावशी.'' मावशी माझ्यापेक्षा मोठी, तिचे गुडघे आत्ताच बोलतात. हे लेकीला समजावणं सोपं नाही, कारण मावशी म्हातारी होईल हे तिला पटत नाही आणि आम्ही मरू हे तर नाहीच. भाच्याला मी मोकळेपणाने सांगितलं. तो आता दर रविवारी येतो, तिला स्कूटरवर मंडईत नेतो, भाजी निवडू देतो, पैसेही तिच्याच हातून देतो. गेल्या खेपेला तिने त्याला न विचारता दोन किलो सीताफळं घेतली. अर्ज टेबलाच्या खणात आहे. पुढच्या पालकाच्या नावाची जागा ती सांगेपर्यंत कोरी ठेवायची, असं आमचं ठरलं आहे.