विषमुक्त ताट, पण कोणाच्या खर्चानं?

आमच्या नागपूरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी फॉरवर्ड टाकतं : रासायनिक शेतीनं आपल्याला विष खाऊ घातलं, शेतकऱ्यांनी आता तरी सेंद्रियकडे वळावं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. त्याच ग्रुपवर सेंद्रिय तूरडाळीचा भाव आला की पहिला रिप्लाय असतो, ‘इतकी महाग?’

मी हसायचा हक्क गमावून बसलोय, कारण मीही तेच केलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मिहानमध्ये एसीत बसून यूट्यूबवर जीवामृताचे व्हिडिओ बघितले : दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. खर्च जवळपास शून्य. २०२३ च्या खरिपाआधी हिंगणघाटकडे राहणाऱ्या काकाजींच्या मागे लागलो आणि त्यांनी तीन एकर कोरडवाहू कापसात युरिया आणि फवारणी बंद केली.

दिवाळीनंतर हिशेब झाला. एकरी सात क्विंटल व्हायचा, तो चार झाला. तणनाशक नाही म्हणून निंदण दोनदा जास्त. जिनिंगवाल्यानं तो कापूस इतरांच्याच ढिगात टाकला, त्याच भावानं. काकाजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाबू, तुह्या व्हिडिओत निंदाले बाया कोण आणते?”

माझा पगार त्या महिन्यातही एक तारखेला जमा झाला होता.

म्हणजे सेंद्रिय शेती थोतांड आहे? नाही. तो निष्कर्षही आळशीपणाचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला बीटी कापूस पोखरला. अळीपासून वाचवणार म्हणून २००२ पासून आपण ज्या वाणावर विसंबलो, तेच वाण हरलं. जुनी वाट सुखाची आहे असं विदर्भात कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वाट बदलायलाच हवी. माझं भांडण एवढंच आहे की वाट बदलण्याचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

आकडे बघा. २०२३-२४ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,०२० रुपये. तीन क्विंटलची घट म्हणजे एकरी २१ हजारांचा फटका. खत-औषधाचे पैसे वाचले, पण त्यातला मोठा भाग निंदणात गेला. आता केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना. सुधारित नियमांनुसार तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५ हजार थेट शेतकऱ्याच्या खात्यात. भागाकार केला तर एकरी, वर्षाला, साधारण दोन हजार. उलट युरियाची ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, उरलेली किंमत सरकार भरतं, आणि त्याला तीन वर्षांची मुदत नाही. रसायनाला कायमचा आधार, ते सोडणाऱ्याला तीन वर्षांचा खाऊ. वर भाषण, की शेतकऱ्याची मानसिकता बदलत नाही!

बियाण्याचंही तेच. सेंद्रिय प्रमाणपत्राला बीटी चालत नाही आणि तालुक्याच्या दुकानात बीटीशिवाय फारसं काही मिळत नाही. जमीन ‘सेंद्रिय’ ठरायला साधारण तीन वर्षं लागतात. त्या काळात उत्पादन नव्या पद्धतीचं, भाव जुनाच. आमच्या धंद्यात नव्या कंपनीला तोट्याची पहिली वर्षं काढायला गुंतवणूकदार पैसे देतो. सात एकरवाल्याला कोण देतं? सावकार.

इथे नैसर्गिक शेतीचे प्रचारक म्हणतात, नीट केलं तर उत्पादन घटतच नाही. ठीक. काही शेतांत घटत नसेलही. मग पहिली तीन वर्षं घट आली तर भरपाईची लेखी हमी द्या. घटणारच नसेल तर एक रुपयाही जाणार नाही, मग घाबरता कशाला? स्वतःच्या दाव्यावर स्वतःचे पैसे लावायची तयारी नसेल, तर दुसऱ्याचं शेत पणाला लावू नका.

घाई केली की काय होतं ते श्रीलंकेत दिसलं. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी, भात आणि चहा कोसळला, नोव्हेंबरपर्यंत माघार. सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय जाहीर झालं, पण ठरवलं होतं २००३ मध्ये आणि तिथे रासायनिक खतं मुळातच कमी होती. हिंगणघाटची काळी माती ना सिक्कीम आहे ना कोणाची प्रयोगशाळा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरकारनं पैसे शेणखताच्या प्रशिक्षणावर कमी आणि घटीच्या भरपाईवर, निंदणाच्या मजुरीवर, बिगर-बीटी बियाण्यावर जास्त खर्च करावेत. आणि आपण, ज्यांना विषमुक्त ताट हवंय, त्यांनी प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबू नये. शेतकऱ्याला ग्राहक त्या तीन वर्षांतच लागतो. पेरणीआधी पैसे द्या, कमी आलं तर कमी घ्या. तेवढं जमत नसेल तर फॉरवर्ड तरी करू नका.

यंदा मी एका एकराच्या निंदणाचे पैसे काकाजींना आधीच पाठवले. सोसायटीतल्या चार घरांनी आंतरपिकातल्या तुरीचे. त्या ग्रुपवर शंभरहून जास्त लोक आहेत.

काकाजी म्हणाले, “एकच एकर करीन. बाकी दोनात युरिया टाकतो.”

मी या वेळी कुठलाही व्हिडिओ पाठवला नाही.