खातं वेगळं, काटा एकच हवा

पहाटेच्या अंधारात मैदानावर धावणारी मुलं-मुली तुमच्या ओळखीची असतील. कदाचित तुम्हीच त्यांतले असाल. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज, गाव कुठलंही घ्या. एकाच मैदानावर दोन भरत्यांची तयारी चालते. कुणी १६०० मीटरची वेळ कमी करतोय, तो पोलीस भरतीचा. कुणी खांद्यावर वजन घेऊन पळतोय, तो अग्निशमन दलाचा. धावून झालं की टपरीवर चहा येतो आणि चहाबरोबर वाद येतो. ‘पोलिसांना जास्त मिळतं.’ ‘अरे, जीव तर फायरवाल्याचा जातो.’ ‘फायरवाले दिवसभर स्टेशनात बसून असतात, आमच्या भाईजानला ईदच्या दिवशीही बंदोबस्त असतो.’

हा वाद टपरीवरच सोडून देण्यासारखा नाही. शहराचं रक्षण करणाऱ्या दोन खात्यांना काय मोबदला द्यायचा, हा नागरिकांचा प्रश्न आहे. तो नीट मांडला नाही, तर दोन्हीकडचे कष्टकरी एकमेकांचा हिशेब काढत बसतात आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते निवांत राहतात.

आधी एक गैरसमज दूर करू. मुंबईत पोलीस शिपाई आणि महापालिकेचा अग्निशामक यांच्या मूळ वेतनश्रेणीत फरक नाही. सातव्या वेतन आयोगानंतर पोलीस शिपायाची श्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे. २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने अग्निशामकांच्या ९१० जागा भरायला काढल्या, तेव्हा जाहिरातीतली श्रेणीही हीच होती. म्हणजे कागदावर दोघे सारखे. मग तक्रार कशाची? मूळ वेतन हा मोबदल्याचा एक तुकडा झाला. कामाचे तास, भत्ते, राहायला घर, पेन्शन, जखमी झाल्यावरचा उपचार आणि जीव गेल्यावर घरच्यांचं काय, हे बाकीचे तुकडे आहेत. खरी तफावत आणि खरी नाराजी त्यांत असते.

ही तफावत कुठून येते? पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीतला विषय आहे. म्हणून शिपाई गडचिरोलीत असो की गिरगावात, त्याचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. अग्निशमन सेवेचं तसं नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ती नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांमध्ये, पाणीपुरवठा आणि रस्ते यांच्या यादीत आहे. परिणामी आग विझवणाऱ्याचं नशीब त्याच्या महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या तिजोरीशी बांधलेलं असतं. श्रीमंत महापालिकेचा अग्निशामक आणि कडकी लागलेल्या नगरपरिषदेचा अग्निशामक एकाच धुरात शिरतात, पण त्यांचे हुद्दे, भत्ते आणि सोयी सारख्या असतीलच असं नाही. त्यात कुणी कंत्राटावर असेल, तर त्याची पायरी आणखी खाली.

‘खातंच वेगळं, तर पगार वेगळा असणारच,’ हे उत्तर सरकारी कचेरीत सहज मिळतं. पण सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर चाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वी नाकारलं आहे, आणि ते प्रकरण नेमकं पोलीस आणि इतर खात्यांच्या तुलनेचंच होतं. रणधीर सिंग हे दिल्ली पोलीस दलातले चालक शिपाई. तिथल्या बिगर-मॅट्रिक चालकाची श्रेणी होती २१० ते २७० रुपये आणि मॅट्रिक झालेल्याची २२५ ते ३०८. त्याच वेळी रेल्वे सुरक्षा दलाच्या चालकाची श्रेणी २६० ते ४०० होती आणि अग्निशमन दलात जड वाहन चालवणाऱ्याची ३३० ते ४८०. स्टिअरिंग तेच, रस्ते तेच, फक्त गाडीवरचं नाव वेगळं. तिसऱ्या वेतन आयोगाने इतर चालकांचा एकत्र विचार केला, पण चालक शिपायांना शिपायांच्या रांगेत टाकून दिलं होतं.

अर्ज-विनंत्यांचा उपयोग झाला नाही, तेव्हा रणधीर सिंग थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९८२ मध्ये न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला. समान कामाला समान वेतन हा मूलभूत अधिकार म्हणून घटनेत लिहिलेला नाही. पण अनुच्छेद ३९(घ) मध्ये ते राज्याचं ध्येय म्हणून लिहिलेलं आहे आणि समानतेच्या अनुच्छेद १४ व १६ बरोबर वाचलं की त्याला धार येते, असं न्यायालयाने सांगितलं. केवळ खाती वेगळी आहेत हे कारण टिकत नाही. उलट, पोलीस चालकाची जबाबदारी इतरांपेक्षा जास्तच आहे, असंही नोंदवलं. त्यांना किमान रेल्वे सुरक्षा दलाच्या चालकांइतकी श्रेणी १ जानेवारी १९७३ पासून द्या, असा आदेश झाला. अग्निशमन दलाइतकी मिळाली नाही, पण एका साध्या शिपायाने काढलेल्या वाटेवरून पुढे असंख्य कामगार गेले. २०१६ मध्ये पंजाबच्या जगजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केलं. कंत्राटी नेमणुकीवर असलेल्या प्रत्येक तरुणाने तो निकाल एकदा तरी वाचावा.

मात्र न्यायालयाची वाट इथे एका वळणावर संपते. चालकाची तुलना चालकाशी करता येते. शिपाई आणि अग्निशामक यांचं काम सारखं नाही. काम खरोखर समान आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर असते, हे नंतरच्या अनेक निकालांनी स्पष्ट केलं आहे. म्हणून वेगवेगळ्या कामांची न्याय्य तुलना कशी करायची, हा प्रश्न समाजाला आणि सरकारलाच सोडवावा लागेल. त्यासाठी काटा एकच हवा. तो कसा असावा?

पहिलं माप तासांचं. पोलिसांचे बारा-बारा तास आपण गृहीतच धरले होते. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ती योजना तिथल्याच एका शिपायाने कागदावर मांडली होती आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. खालच्या माणसाने हिशेब मांडला आणि वरच्याने ऐकला, तर काय होऊ शकतं ते यातून दिसतं. अग्निशामकाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. स्टेशनात घंटेची वाट पाहण्याचे तास हे आरामाचे तास नव्हेत. घंटा वाजल्यावर काही क्षणांत गाडी निघाली पाहिजे, म्हणूनच तो तिथे असतो. वाट पाहणं हे त्याच्या कामाचाच भाग आहे.

दुसरं माप धोक्याचं, आणि इथे आपण फक्त दिसणारा धोका मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय हा माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, तोच हा गट. प्लास्टिक, फोम, रसायनं जळताना निघणारा धूर वर्षानुवर्षं अंगात मुरतो. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक राज्यांत अग्निशामकाला ठरावीक कर्करोग झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा मानून चालतो. आपल्याकडे निवृत्तीनंतर खोकणाऱ्या अग्निशामकाच्या आजाराचा कामाशी संबंध कोण जोडतो? पोलिसांचा न दिसणारा धोका वेगळा आहे. अपुरी झोप, रक्तदाब, सततचा ताण, सणाच्या दिवशी घरापासून दूर राहणं. गणपतीत हिंदू शिपाई रस्त्यावर असतो, ईदला मुस्लिम शिपाई. दंगलीच्या अफवेत तर दोघेही.

तिसरं माप बोलण्याच्या हक्काचं. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर निर्बंध आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला आणि तो मोडून काढला गेला. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्या पोलिसांनाही तेव्हा जुनी पेन्शन नव्हती, पण त्यांना संपात उतरता येत नव्हतं. महापालिकेच्या अग्निशामकाला निदान कामगार संघटनेमार्फत मागणी करता येते. ज्याला सौदा करताच येत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी नियमितपणे हिशेब मांडायला हवा. नाहीतर गप्प बसण्याची किंमत त्याच्या पगारातून वजा होत राहते.

चौथं माप मृत्यूनंतरचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. ते नाव महाराष्ट्राच्या ओठांवर आहे, आणि असायलाच हवं. तिथून फार लांब नसलेल्या काळबादेवीत ९ मे २०१५ ला गोकुळ निवास ही जळती इमारत कोसळली. त्या आगीने सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अग्निशमन दलाचे चार अधिकारी नेले. नेसरीकर तर दलाचे प्रमुख होते. ही चार नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्यात ६६ अग्निशामक गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. स्मरण वेगळं असेल, पदकं वेगळी असतील. पण कर्तव्यावर गेलेल्या माणसाच्या मुलांची फी, पत्नीची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर या गोष्टी खात्याच्या नावावर ठरू नयेत.

इथे एक सावधगिरी हवी. समानता म्हणजे दोन खात्यांना कायमच्या साखळीने बांधणं नव्हे. न्यूयॉर्क शहरात पोलीस आणि अग्निशमन दलाच्या पगारांचं नातं असंच बांधलेलं होतं. एकाला वाढ दिली की दुसऱ्याला द्यावीच लागे, म्हणून कुणालाच वाढ देताना प्रशासन कचरत असे. हुद्द्यांमधल्या पगाराच्या गुणोत्तरावरून वाद चिघळला आणि जानेवारी १९७१ मध्ये हजारो पोलिसांनी काही दिवस गस्त घालायला नकार दिला. ‘त्याच्याइतकंच मला’ ही मागणी सोपी आहे, पण त्यात आपल्या कामाचं मोल आपण दुसऱ्याच्या पावतीवरून ठरवतो. ‘माझ्या कामाचं मोजमाप करा, त्याच्याही करा, आणि कसं केलं ते उघड सांगा,’ ही मागणी जास्त न्याय्य आहे.

महापालिकांकडे पैसा नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण आग लागल्यावर आपण नगरपरिषदेची ऐपत विचारत नाही, १०१ फिरवतो. केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. नव्या गाड्या आणि शिड्यांसाठी वरून पैसा येऊ शकतो, तर त्या गाडीतल्या माणसाच्या किमान मोबदल्यासाठी राज्याने वाटा का उचलू नये? राज्यभरातल्या अग्निशामकांसाठी एक किमान पातळी, तिच्याखाली कुणी नाही आणि कंत्राटावरही नाही, एवढं तर ठरवता येईल.

तुमच्यासाठी दोन कामं आहेत. तुमच्या शहराचा महापालिका अर्थसंकल्प उघडा. अग्निशमन दलात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कंत्राटी किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्याच मोहल्ल्यांतल्या चिंचोळ्या गल्ल्यांत, यंत्रमागांच्या शेडमध्ये, गोदामांना लागून असलेल्या घरांत आग लागली की हे आकडे जीवन-मरणाचे ठरतात.

आणि उद्या टपरीवर वाद रंगला, तर पोलिसांच्या तयारीतल्या मुलाने फायरवाल्याच्या बाजूचं एक वाक्य बोलावं, फायरच्या तयारीतल्या मुलीने शिपायाच्या बाजूचं. दोघांना एकाच शहराचं रक्षण करायचं आहे, आणि एकमेकांचा पगार कमी करून कुणाचाच वाढत नाही.