आईलाही सुट्टी हवी: दीवचे तीन दिवस

मोबाइलवर कॅरिबियनमधल्या बेटांचे फोटो बघून "एकदा तरी जायचंच" असं तुमच्यापैकी अनेकजण म्हणाले असतील. त्या समुद्रात साबा नावाचं एक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम 13 चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास आणि धावपट्टी अवघी चारशे मीटर. मोठं विमान तिथे उतरूच शकत नाही. म्हणूनच ते आजही शांत आहे.

पण व्हिसा, तिकिटं आणि रजा यांचं गणित मांडलं की कॅरिबियन मोबाइलमध्येच राहतं. मग उरतं काय? गाव! आपल्यातल्या अनेकांची मुळं खानदेशात. आखाजी आली, लग्नसराई आली की भुसावळकडची गाडी पकडायची. गावी जायलाच हवं, त्यात वाद नाही. पण खरं सांगा, तिथे आईला विश्रांती मिळते का? सुरतेच्या ओट्यासमोरून उठून ती गावच्या चुलीसमोर बसते, एवढंच. वर्षातून एकदा तरी तिला अशा ठिकाणी न्यायला हवं, जिथे तिच्याकडून कोणी काही मागणार नाही. यंदा त्यासाठी दीवचा विचार करा.

दीवचं नाव काढलं की सुरतेत समोरचा डोळा मिचकावतो. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी आणि दिवाळीत नागवा किनाऱ्यावर जत्रा भरते. पण मंगळवार ते गुरुवार जा आणि नागव्याकडे पाठ फिरवा. मग वेगळंच दीव भेटतं.

बेट सुमारे अकरा किलोमीटर लांब. पूर्व टोकाला किल्ला आणि जुनं शहर, पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं गाव. वणाकबाऱ्याच्या धक्क्यावर सकाळी नुसतं उभं राहा. रंगवलेल्या होड्या, मासळीचा लिलाव, जाळी दुरुस्त करणारे हात. फुदम गावाजवळ गंगेश्वराचं देऊळ आहे. तिथे खडकातल्या पाच शिवलिंगांना भरतीच्या लाटा स्वतःच अभिषेक घालतात. आजी सोबत असतील तर त्यांना तिथे हवा तितका वेळ बसू द्या. वाटेत फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं दिसतील, ती होका. आपल्याकडे ताड सरळसोट वाढतो, म्हणून मुलांना त्यांची गंमत वाटते.

किल्ला मात्र संध्याकाळी पाहा, ऊन उतरल्यावर. पोर्तुगीजांनी 1535 मध्ये तो बांधायला घेतला आणि 19 डिसेंबर 1961 ला दीव मुक्त झालं. सव्वाचारशे वर्षांचा हा कारभार तिथल्या घरांच्या रंगांत, खिडक्यांत आणि चर्चमध्ये अजून दिसतो.

गल्ल्यांतून फिरताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल: छान बांधलेली, पण कुलूपबंद घरं. 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. त्या आधारावर कित्येक कुटुंबं पोर्तुगालला आणि इंग्लंडमधल्या लेस्टरसारख्या शहरांत गेली. आपल्याला जी शांतता हवीहवीशी वाटते, तिच्यात या घरांचाही वाटा आहे. पोटासाठी गाव सोडणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याही गावच्या घराला वर्षातले अकरा महिने कुलूपच असतं. म्हणून दीवमध्ये पाहुण्यासारखं वागूया. कोणाच्या ओसरीवर चढून सेल्फी नको, किनाऱ्यावर वेफर्सची पाकिटं नकोत, गाडीतली गाणी कमी आवाजात. शांत जागा बिघडते ती आपल्यासारख्यांच्याच येण्याने, आणि टिकतेही आपल्याच शहाणपणाने.

आता जायचं कसं ते सांगते. पूर्वी खंभातच्या आखाताला वळसा घालून रस्त्याने पाचशे किलोमीटरहून जास्त जावं लागे. 8 नोव्हेंबर 2020 पासून हजीरा ते घोघा अशी रो-पॅक्स फेरी सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढायचं, साधारण चार तासांत पलीकडे. पुढे तळाजा, महुवा, ऊना करत चार-पाच तासांत दीव. हवामानामुळे फेरीची वेळ बदलू शकते, म्हणून निघण्याआधी खात्री करून घ्या. गाडी नसेल तर सुरतेहून रात्रीची स्लीपर बस बरी, कारण दीवला रेल्वे नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरायचा हट्ट नको.

आणि एक नियम घरातल्या तरुणांसाठी. बुकिंग तुम्ही करा, बॅगा तुम्ही भरा, सकाळचा चहा तुम्ही मागवा. "आज काय काय बघायचं?" ही यादी करूच नका. दिवसाला एक जागा पुरे. उरलेला वेळ आईला ठरवू द्या. ती दुपारभर झोपली, तर झोपू द्या. तिची झोप झाली, तर सहल सफल झाली असं समजा.