पेंडीचा हिशेब

सन २००६च्या उन्हाळ्यात तळेगाव ढमढेरे येथील एका आडत दुकानदाराचे चिरंजीव कर्जाचा प्रस्ताव घेऊन माझ्यासमोर बसले होते. वडिलोपार्जित बारा एकर माळावर मोगली एरंडाची लागवड आणि शेजारी बायोडिझेलचा लहानसा कारखाना, असा तो बेत होता. प्रस्ताव मला आवडला. शिफारशीसह तो वरिष्ठांकडे पाठवण्याचीही मी तयारी केली होती, हे आज कबूल केले पाहिजे.

त्या काळाची हवाच तशी होती. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या देशव्यापी लागवडीची शिफारस केली होती. हेक्टरी २५०० झाडे, झाडामागे दीड किलो बी, असा तिचा हिशेब होता. जानेवारी २००६पासून तेल कंपन्या २५ रुपये लिटरने बायोडिझेल विकत घेणार होत्या. आपल्याकडे वनशेतीचे पुरस्कर्ते विनायकदादा पाटील यांनी तर नाशिक भागात या झाडाचा प्रचार त्याच्या कितीतरी आधी केला होता. पाणी नको, खत नको, गुरे तोंड लावत नाहीत. चासकमानचे पाणी न पोहोचलेल्या शिरूरच्या माळांना यापेक्षा काय हवे?

कारखान्यातील प्रक्रियाही अवघड नव्हती. अखाद्य तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक मिसळून ते तापवीत ढवळायचे. तेलाचे रेणू तुटून वर बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन असे दोन थर होतात. ग्लिसरीन काढून वरचा थर धुऊन कोरडा केला की इंधन तयार. तेलात मुक्त आम्ल जास्त असेल तर मात्र इंधनाऐवजी साबणच हाती लागतो, म्हणून करंजासारख्या तेलाला आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. हे सारे अहवालात नीट मांडलेले होते.

दोन दिवसांनी त्यांचे वडील आले. श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीलन येते म्हणून या गृहस्थांनी स्वतः कधी घाणा घातला नव्हता. मात्र तेलबियांचा व्यापार चाळीस वर्षे केलेला. अहवालाची पाने त्यांनी सावकाश उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"साहेब, ही पेंड खाणार कोण?"

"जनावरे," मी म्हणालो.

"ज्या झाडाला शेळी तोंड लावत नाही, त्याची पेंड म्हैस खाईल?"

मी निरुत्तर झालो. मोगली एरंडाचे बी विषारी असते. तेल निघाले तरी विष पेंडीत राहतेच. अहवालात मात्र पेंडीचा भाव पशुखाद्याचा धरला होता, किलोला ४ रुपये. एक लिटर इंधनाला साधारण चार किलो बी लागते. ५ रुपये भावाने बियांचे २० रुपये, प्रक्रियेचे ९, एकूण खर्च २९. जमेला इंधनाचे २५ आणि तीन किलो पेंडीचे १२, म्हणून लिटरमागे ८ रुपयांचा नफा दिसत होता. तीच पेंड खत म्हणून दीड रुपयाने विकली, तर उरतात पन्नास पैसे. त्यातून व्याज आणि हप्ता कुठून फेडायचा? तेलाच्या धंद्यात नफा पुष्कळदा पेंडीत असतो, हे मी एम.कॉम.ला शिकलो नव्हतो.

शेठजींनी दुसरे गणित तोंडीच केले. बारा एकर म्हणजे पावणेपाच हेक्टरांच्या आसपास. समितीचा उतारा जसाच्या तसा धरला तरी बी अठरा टन, इंधन साडेचार हजार लिटर, तेही वर्षभरात. उरलेले बी विकत घ्यायचे, पण कोणाकडून? बाजारात त्याची आवकच नव्हती. आडत्याला आवक न पाहता भाव सांगता येत नाही; आम्ही बँकवाल्यांनी तो छापील कागदावरून मान्य केला होता.

शेठजींनी त्याच दिवशी प्रस्ताव परत घेतला. चिरंजीव काही महिने माझ्याशी बोलत नव्हते.

पुढे देशभर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. पाणी न देता झाड जगते. पण जगणे निराळे आणि फळणे निराळे. कोरडवाहू जमिनीत अनेक ठिकाणी अपेक्षेच्या निम्माही उतारा आला नाही, आणि २०११-१२पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रण करण्याचे स्वप्न कागदावरच राहिले. २०१८च्या जैवइंधन धोरणात बायोडिझेलचे उद्दिष्ट २०३०पर्यंत पाच टक्के असे ठेवले आहे आणि त्यात फरसाण-मिठाईवाल्यांकडील वापरून झालेल्या तेलालाही स्थान आहे. ते तेल निदान रोज तयार होते, शिवाय त्याला पेंड नाही.

करंजाची गोष्ट थोडी वेगळी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातील खेड्यांत करंजाच्या तेलावर, त्याचे बायोडिझेल न करताच, इंजिने चालवून दाखवली. तेल तिथेच गाळायचे, पंप तिथेच चालवायचा आणि पेंड तिथल्याच शेतात घालायची. करंजाची पेंड उत्तम खत आहे; वाळवीलाही ती मानवत नाही.

शेठजी आता नाहीत. चिरंजीवांच्या दुकानात निंबोळी पेंडीशेजारी करंज पेंडीची पोती असतात आणि डाळिंबवाले ती नेतात. त्या वर्षी हौसेने बांधावर लावलेली मोगली एरंडाची रांग मात्र अजून उभी आहे. तिच्या बिया कोणी गोळा करीत नाही. पण कुंपण म्हणून उत्तम, असे चिरंजीव सांगतात.