आधी टाकीचं झाकण बघा
नांगरट चालू असताना ट्रॅक्टर अर्धा तास झकास चालतो, मग गुदमरून बंद पडतो आणि दहा मिनिटं उभा राहिला की पुन्हा चालू होतो. अशा वेळी डिझेल पंप उतरवून दुरुस्तीला न्यायची घाई करू नका. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर उगाच गॅरेजला पडून राहतो आणि घात निघून जाते, याची मला फार चीड येते. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. सुस्स करत हवा आत शिरली, तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीनं बुजलंय. टाकीत पोकळी होऊन डिझेल उतरत नाही. आवाज नाही आला, तर फिल्टरकडे येणारी नळी सोडून धार बघा. आधी जोमदार असलेली धार बारीक होत गेली, तर टाकीतून डिझेल बाहेर पडतं त्या तोंडाशी कचरा येतो. इंजिन थांबलं की तो बाजूला सरकतो. धार चांगली असेल, तर एअर स्क्रू ढिला करून हॅन्ड पंप मारा. फेस थांबतच नसेल, तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. जोड कोरडा दिसतो म्हणून तो निर्दोष समजू नका, पंपाच्या ओढीच्या बाजूला चालू इंजिनात डिझेल गळण्याआधी हवाच आत शिरते. आणि जोड खोललाच, तर तांब्याचा वॉशर नवाच घाला.