नॅनो सल्फाइड : अळी मेली, पण कशाने?

झिंक सल्फाइड, कॉपर सल्फाइड यांसारख्या धातू-सल्फाइडांचे नॅनोकण कीडनाशक म्हणून उपयोगी पडतील काय, याविषयी प्रयोगशाळांतून उत्साहाने संशोधन चालू आहे. शोधनिबंधांत अळ्यांच्या मृत्यूची टक्केवारी ठळकपणे दिलेली असते. ती वाचताना संशोधकाने, तसेच विस्तार कार्यकर्त्यानेही, अळी नेमकी कशाने मेली हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे.

हा प्रश्न का उद्भवतो, हे कण तयार करण्याच्या पद्धतीवरून कळते. झिंक ॲसिटेटच्या द्रावणात सोडियम सल्फाइडचे द्रावण मिसळताच झिंक सल्फाइडचा पांढरा साका तयार होतो. कण वाढू नयेत व एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर एखाद्या आवरणद्रव्याचा थर देतात. साका नीट धुतला नाही, तर उरलेला सल्फाइड क्षार, विरघळलेले जस्त आणि सुटे आवरणद्रव्य त्यात राहून जाते. यांपैकी कोणताही घटक कीटकाला स्वतंत्रपणे अपायकारक ठरू शकतो. म्हणून प्रयोगात निव्वळ आवरणद्रव्य, तेवढेच जस्त असलेले झिंक सल्फेट आणि मोठ्या कणांचे झिंक सल्फाइड असे तीन तुलनात्मक उपचार हवेतच. ते नसतील, तर मृत्यूचे श्रेय नॅनोकणांना देता येणार नाही.

यात कीटकाच्या शरीरक्रियेचाही संबंध येतो. आपल्या परिचयाचे झिंक सल्फेट पाण्यात सहज विरघळते. झिंक सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आम्लात विरघळते. घाटेअळीसारख्या पतंगवर्गीय अळ्यांच्या मध्य-आतड्यात मात्र आम्ल नव्हे, तर तीव्र अल्कधर्मी वातावरण असते. तेथे सल्फाइडमधून जस्त मोकळे होते, हे गृहीत न धरता मोजून दाखवले पाहिजे.

कणांच्या मोजमापाचेही असेच आहे. नॅनोकण म्हणजे साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. क्ष-किरण विवर्तनाने कोरड्या भुकटीतील स्फटिकांचा आकार कळतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजके कण दिसतात. परंतु विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे हेच कण फवारणी पंपात एकत्र येऊन गुठळ्या होऊ शकतात. शिवाय हवा व ओलावा यांच्या संपर्कात सल्फाइडचे हळूहळू सल्फेट होऊ शकते. म्हणून मोजमाप फवारणीच्या पाण्यात आणि साठवणुकीनंतर पुन्हा व्हायला हवे.

अशा अटींमुळे संशोधन रेंगाळेल, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. कीटकनाशकाची विक्री करण्यापूर्वी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार त्याची नोंदणी आवश्यकच आहे. नॅनो-आधारित कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या आहेत. मग घाईची किंमत कोणी मोजायची? घाटेअळी लहान असतानाच तिचे नियंत्रण सोपे असते. ते मोजके दिवस निष्प्रभ फवारणीत गेले, तर नुकसान शेतकऱ्याचेच होते. ट्रायकोग्रामा, क्रायसोपा आणि मधमाश्या यांवरील परिणाम तपासलेला नसेल, तर हानी पुढील हंगामापर्यंतही पोहोचू शकते. कॅडमियम सल्फाइडसारख्या विषारी धातूच्या कणांना तर शेतात स्थानच नसावे.

हे कण निरुपयोगी आहेत, असा माझा दावा नाही. मात्र अधिकृत क्षेत्रीय चाचणीसाठी नॅनो सल्फाइड आपल्या गावात आले, तर त्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात : फवारणीच्या पाण्यातील कणांचा आकार, आवरणद्रव्याचे नाव, झिंक सल्फेटशी केलेली तुलना आणि मित्रकीटकांवरील चाचणीचे निष्कर्ष. यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नसेल, तर त्या हंगामात चाचणीला नकार द्यावा.