दार उघडले, उंबरठ्याचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी धनबादच्या आय.आय.टी.ला आदेश दिला की, मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित रोजंदारी मजुराच्या मुलाला विद्युत अभियांत्रिकीच्या वर्गात प्रवेश द्यावा. मुलाने परीक्षा उत्तम रीतीने दिली होती, जागाही मिळवली होती. साडेसतरा हजार रुपये मुदतीत भरता आले नाहीत, एवढ्याचसाठी ती हातची गेली. घटनेच्या १४२ व्या कलमाखालील असाधारण अधिकार वापरून न्यायालयाने त्याला जादा जागा देवविली. न्याय झाला याचा आनंद आहेच. परंतु एवढ्या रकमेसाठी गरिबाच्या पोराला दिल्लीपर्यंत धाव घ्यावी लागावी, ही व्यवस्थेला भूषणावह गोष्ट नव्हे.

या प्रकरणातील विसंगती मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अत्यल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना आय.आय.टी.त शिक्षणशुल्क पूर्ण माफ असते. म्हणजे मदत होती; पण ती उंबरठ्याच्या आत होती, आणि मुलगा उंबरठ्यावरच अडला.

आमच्या गोव्यातही याहून वेगळा विचार करण्याचे कारण नाही. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ मध्ये निघाले, विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी ज्याला मुंबई-पुण्याचा खर्च झेपत नसे, त्याची इच्छा घरीच विरत असे. आज संस्था दाराशी आल्या आहेत, बिनव्याजी शैक्षणिक कर्जाचीही सोय आहे. तथापि सत्तरीच्या किंवा काणकोणच्या ज्या घरातून पहिलेच मूल पदवीच्या वर्गात जाते, तेथे अर्ज कोठे करावा, विषय कोणता घ्यावा, हे सांगणारे कोणी नसते. कलाशाखेचा विद्यार्थी दुपारनंतर कोठे तरी काम करून चार पैसे मिळवू शकतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची दुपार प्रयोगशाळेत जाते. त्यातच पहिल्या सत्रात गणिताचा एखादा पेपर राहिला की, 'हे आपले काम नव्हे' अशी समजूत करून घेऊन तो मुकाट्याने परततो. दोष बुद्धीचा नसतो, सोबतीच्या अभावाचा असतो.

म्हणून विद्यापीठांनी शुल्कमाफीवर समाधान मानू नये. शिष्यवृत्ती वर्षअखेरीस नव्हे, तर प्रवेशाच्या वेळी हाती पडावी. पहिले सत्र सुरू होण्यापूर्वी गणित व इंग्रजीचे पूर्वतयारीचे वर्ग भरावेत. ठरावीक विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक पालक म्हणून नेमावा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने पुणे विद्यापीठ 'कमवा आणि शिका' योजना चालवते. तिच्या धर्तीवर ग्रंथालयात व प्रयोगशाळेतच मानधनाचे काम द्यावे.

यामुळे दर्जा खालावेल, अशी ओरड कोणी करील. आमचे त्यावर उत्तर एवढेच की, प्रवेशाची कसोटी तसूभरही सैल करा असे आम्ही म्हणत नाही. त्या कसोटीला उतरलेला विद्यार्थी निव्वळ एकटेपणामुळे गळू नये, एवढेच आमचे मागणे आहे. न्यायालय एका मुलाला जागा देऊ शकते. शेकडोंना टिकवून धरण्याचे काम विद्यापीठांचेच आहे.